डोंगरकड्याहून दिल्लीला : बॅग केवढी घ्यावी?

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले आणि अर्धापूर मागे पडले की पुढे डोंगरकडा येते. तालुका कळमनुरी, १९९९ सालापर्यंत जिल्हा परभणी, तेव्हापासून हिंगोली. या भागात केळीच्या बागा आणि हळदीची शेते. सामाजिक कामाच्या निमित्ताने इकडे माझे येणे-जाणे असते. मागच्या खेपेला एका घरी जयभीम घालून टेकतो न टेकतो तोच बाईंनी विचारले, "भाऊ, नांदेडात मोठी चाकाची बॅग बघून ठेवली. घ्यावी का?"

त्यांची लेक दिल्लीला नर्स आहे. तिचे बाळंतपण आले आहे आणि तिने आईवडिलांची हैदराबादहून विमानाची तिकिटे काढली आहेत. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. बॅगेची किंमत अडीच हजार, म्हणजे बाईंच्या आठ-नऊ दिवसांच्या खुरपणीची मजुरी. तरी त्यांचा हट्ट होता, कारण सामान कुणाच्या हाती द्यायचेच नाही, सगळे आपल्याजवळ ठेवायचे.

आता विमानाचा हिशेब वेगळा असतो. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान फुकट नेता येते. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर हातातली बॅग बहुधा ७ किलोची, आणि मोठी बॅग १५ किलोपर्यंत काउंटरवर द्यायची. हातातल्या बॅगेची मापेही ठरलेली, साधारण ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर, आणि ती चाकांसकट मोजतात. दुकानदार जिला चोवीस इंची म्हणतो ती यात बसत नाही. शिवाय टणक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सातातले तीन किलो बॅगच खाणार! बॅग वाढली म्हणून वजनाची परवानगी वाढत नाही, हे दुकानदार कशाला सांगेल?

बाईंच्या भीतीला मात्र मी हसलो नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांनी आपले सामान आणि ग्रंथ दुसऱ्या बोटीने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, ते बडोद्याला नोकरीवर जाण्याच्या खर्चाला कामी आले. ग्रंथ मात्र गेले ते गेलेच. तेव्हा जे गेल्यावर पैशाने भरून येत नाही ते हातात ठेवावे, बाकीचे खुशाल काउंटरवर द्यावे.

मग आम्ही सामान मांडले. आधारकार्ड, तिकिटे, औषधे, थोडे पैसे, लेकीच्या दवाखान्याचे जुने कागद आणि मोबाइलची पॉवर बँक हातातल्या पिशवीत. पॉवर बँक तर काउंटरवरच्या सामानात चालतच नाही. तिखट आणि मिरचीचे लोणचे हातात नेऊ देत नाहीत, ते मोठ्या बॅगेत. अख्खे सुके खोबरे घरीच ठेवले, कारण तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून विमानात त्याला मनाई आहे. हळद, शेवया, जवसाची चटणी आणि बाळासाठी शिवलेली वाकळ घरातल्या जुन्या बॅगेत बसली. जवळच्या खताच्या दुकानातल्या काट्यावर ती चौदा किलो भरली. लेकीची कॉलेजातली पाठीवरची पिशवी धड होती, तिची एक चेन तेवढी बदलायची आहे.

मालक एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, "ते चाक आमच्या काळ्या मातीत फिरणार हाय का?" खरेच आहे. डोंगरकड्याहून एस.टी., नांदेडला रेल्वे, हैदराबादला उतरून पुन्हा गाडी. एवढ्या चढ-उतारात बॅग उचलावीच लागते. शमशाबादचे विमानतळ शहराच्या बरेच बाहेर आहे. तिथवर सरकारी पुष्पक बस जातात, पण स्टेशनवरून निघायला हाताशी वेळ हवा. बॅगेच्या पैशांतले काही या भाड्याला ठेवले, उरलेल्यात वडिलांसाठी एक जाड स्वेटर येईल. थंडीच्या दिवसांत जायचे आहे आणि दिल्लीची थंडी त्यांनी अजून पाहिलेली नाही.