शंख नसलेल्यांची नोंद

नागपूरच्या माणसाने समुद्रातील गोगलगाईंविषयी लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. येथून कोणत्याही दिशेने निघालो, तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मी स्वतः तो प्रथम पाहिला, तेव्हा माझे वय तिशीकडे झुकले होते.

मृदुकाय प्राण्यांशी मात्र या शहराचे नाते जुने आहे. १८४५ साली येथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल) सीताबर्डी, टाकळी या भागांतील काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेला गाळ शोधीत हिंडत. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख अश्मीभूत झालेले होते. १८६० साली त्यांची वर्णने लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात चित्रांसह प्रसिद्ध झाली. पुढे ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. शंख उरले. कोट्यवधी वर्षे ते उरलेच होते.

पण ज्या जीवाला शंखच नाही, त्याची नोंद कशी ठेवावी? समुद्रातील बिनशंखी गोगलगाय बाल्यावस्थेतच आपले कवच टाकून देते. तिच्यापैकी कित्येक जातींच्या पाठीवर उघडे कल्ले फुलासारखे उमललेले असतात आणि अंगावरचे रंग पैठणीच्या पदराला लाजवतील असे. तिला मद्यार्कात ठेवले, की रंग विरतो, अंग आकसते. बाटलीत एक फिकट गोळा राहतो. म्हणून छायाचित्रण सुलभ होण्यापूर्वी जिवंतपणी काढलेले चित्र हाच तिचा खरा पुरावा होता.

असा पुरावा वॉल्टर एलियट यांनी जमविला. मद्रासच्या मुलकी सेवेतील हे अधिकारी. ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी १८३९ साली दिली होती. नंतर विशाखापट्टणमजवळ वाल्टेर येथे असताना त्यांनी या गोगलगाई गोळा केल्या आणि स्थानिक चित्रकाराकडून त्यांची रंगीत चित्रे काढविली. (सरळ रेषेत मोजले, तर तो किनारा आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे.) इंग्लंडमधील न्यूकॅसलचे जोशुआ आल्डर आणि ऑल्बनी हॅनकॉक यांनी १८६४ साली या संग्रहावर निबंध प्रसिद्ध केला. एका नव्या प्रजातीला त्यांनी ‘कलिंगा’ हे त्या किनाऱ्याचे प्राचीन नाव दिले. एका जातीला एलियट यांचे नाव मिळाले. चित्रकाराचे नाव मात्र कोणत्याही जातीला मिळाले नाही.

मला हे खटकते. त्याने केवळ हात चालविला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. पाण्याबाहेर काढताच जो प्राणी लोळागोळा होतो, तो पात्रातील खाऱ्या पाण्यात पसरण्याची वाट पाहायची, तो मरण्यापूर्वी कल्ल्यांची रचना आणि ठिपक्यांचे रंग टिपायचे. हे निरीक्षण आहे, नक्कल नव्हे. वाल्टेरला कधीही न आलेल्या आल्डर-हॅनकॉक यांनी रंगांविषयी जे लिहिले, ते त्याच्या डोळ्यांवर विसंबून.

ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकातील एखादा सचित्र ग्रंथ हाती आला, तर चित्राखालची समासाजवळची बारीक अक्षरे अवश्य पाहा. पुष्कळदा तेथे मुद्रकाचे नाव आढळते, कधी शिळेवर चित्र उतरविणाऱ्याचेही. मूळ चित्र कोणी काढले, हे शोधण्यासाठी बहुधा प्रस्तावना उघडावी लागते आणि तेथेही अनेकदा ‘एक देशी चित्रकार’ एवढेच शब्द भेटतात.