पन्नासची लेन्स आणि नानीचे हात

‘प्राइम घेऊ की झूम?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारे बहुतेक कॉलेजातले असतात. आठ-दहा हजार कसेबसे जमलेले असतात आणि ते एकदाच खर्च करता येणार असतात. त्यामुळे ‘दोन्ही घे’ हे उत्तर बीडमध्ये चालत नाही.

झूम लेन्समध्ये जागेवर उभं राहून दृश्य जवळ-लांब करता येतं. प्राइममध्ये अंतर ठरलेलं. ५० मिमी म्हणजे ५० मिमी. मग कोणी पैसे देऊन कमी सोय का विकत घ्यावी? उजेडासाठी. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स पुढे खेचली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं. साधी ५० ची प्राइम १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या घरांना एक खिडकी असते, तीही गल्लीत उघडणारी. तिथे हा दहापटीचा फरक म्हणजे फोटो येणं आणि न येणं. दुकानात मात्र एक गोष्ट सांगत नाहीत. कॅननच्या आपल्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० ची लेन्स ८० सारखी वागते. खोलीत चार माणसं बसवली की तुमची पाठ भिंतीला.

‘पायांनी झूम करा’ असा सल्ला प्राइमवाले देतात. देऊ देत. कंकालेश्वराला जा. मंदिर कुंडाच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी. पाणी भरलेलं असताना काठावरून बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं टिपायची तर पाय काय करणार? खजाना बावडीवर उलटी गत. सोळाव्या शतकात, निजामशाहीत बांधलेली ती गोल विहीर पूर्ण फ्रेममध्ये घ्यायला १८ मिमीच लागते. पन्नास लावून मागे सरकत राहिलात तर विहीर बसेपर्यंत तिचा गोलपणा उरत नाही. आणि नायगावच्या अभयारण्यातला मोर तर तुमची पावलं ऐकूनच निघून जातो. अशा ठिकाणी झूमला नावं ठेवणारा माणूस घराबाहेर पडलेला नसतो.

तरी मी पन्नासवर आले, ते दसऱ्यानंतरच्या एका पहाटे. ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोडी, चूल, पत्रे, शेळ्या आणि वर लेकरं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ५५-२५० ने फोटो काढत होते. एका बाईने पदर तोंडावर ओढला. दुसरी, तिच्याहून थोराड, ओरडली, “लांबून काय काढती गं? हितं ये की!” मी गेले. तिने आधी माझं नाव विचारलं, मग गाव, मग मला लेकरं किती. तिची मंडळी कर्नाटकात निघाली होती, परतणार उन्हाळ्यात. वीस मिनिटं गेली आणि फोटो निघाले तीन. पलीकडून काढलेले साठेक होते. ते साठ मी घरी येऊन पुसून टाकले. फोटो वाईट नव्हते, पण ते मला कोणी दिलेले नव्हते.

कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ सगळं काम ५० मिमीवर केलं, असं फोटोग्राफीची पुस्तकं सांगतात. त्याच्या हातात लहानसा लायका होता. तो काढायचाही बहुतेक न विचारता, हे लोक विसरतात. म्हणजे लेन्स लहान असली की माणूस आपोआप सभ्य होतो असं नाही. माझ्या बाबतीत एवढंच झालं, की त्या लेन्सने लपायला जागा ठेवली नाही.

निकाहाचं काम करते तेव्हा मात्र मुकाट्याने झूम लावते. बायकांच्या बाजूला मी एकटीच असते. दुल्हन ‘कुबूल’ म्हणते, सही करते, आणि कोणी पुन्हा म्हणायला सांगत नाही. त्या क्षणी लेन्स बदलत बसणारी बाई पुढच्या लग्नाला बोलावली जात नाही.

आता नानी. तिचा सगळ्या आयुष्यात एकच ठरवून काढलेला फोटो होता, हजच्या पासपोर्टचा. घरात तसवीर असली की फरिश्ते येत नाहीत, हे तिचं पक्कं. मी कॅमेरा काढला की म्हणायची, “तस्वीर नक्को बेटा.” एका दुपारी मी गच्चीवर मोठी झूम घेऊन कबुतरं टिपत होते. खाली अंगणात नानी शेजारणीशी बोलता बोलता हसली, मान मागे टाकून, उरलेले चार दात दाखवत. मी बटण दाबलं. तिला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

पन्नास घेतल्यावर मी तिला चुलीपाशी सरळ विचारलं. ती भाकरी थापत होती. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “हातां का ले, मुँह का नक्को.” मी दाराच्या चौकटीला पाठ टेकून काढला. १.८ वर बोटं तेवढी स्पष्ट आली, मनगट धूसर. म्हणून ४ वर पुन्हा काढला. तो फोटो तिने बघितला, आणि “भाकरी टेढी है” एवढंच म्हणाली.

नानी जाऊन दोन वर्षं झाली. हातांचा फोटो माझ्या टेबलावर आहे. हसणाऱ्या फोटोबद्दल अम्मीला एकदा बोलून गेले होते. तिला तो मोठा करून हवाय. मामू म्हणतात, तिला चाललं नसतं. दोघंही खरंच बोलतात. परवा अम्मीने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, शोधते. कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते मला पाठ आहे.