तेल वर, पाणी खाली

यवतमाळला आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये बाबा पंचवीस वर्षांपासून गाड्या दुरुस्त करतायत. तिथे ना नळ होता ना नाली. पाणी बादलीने यायचं आणि गाडी धुतली की उतार असेल तिकडे जायचं. उतार शेजारच्या काकूंच्या विहिरीकडे आहे.

2018च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. इकडे गल्ली काकूंच्या विहिरीवर जगली, आमचं घरसुद्धा. म्हणून मागच्या पावसाळ्यानंतर काकू कळशी घेऊन आल्या आणि "भाऊ, पाहा बरं, हे काय तरंगून रायलं?" एवढंच म्हणाल्या, तेव्हा बाबांना उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला पुण्याला फोन केला. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत.

दोन रात्री जागून मी आकृती काढली. फरशीला जाळीकडे उतार, चार इंची पाइप, दर मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ, पुढे तीन कप्प्यांची टाकी. पहिल्यात गाळ बसणार. दुसऱ्यात तेल वर तरंगणार, आणि तळाकडे तोंड केलेल्या पाइपातून फक्त खालचं पाणी तिसऱ्यात जाणार. शेवटी शोषखड्डा.

मिस्त्रींनी कागद पाहिला. "हे काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात फाटते. पाइप तोडून टाकीन." त्यांनी चर खोल करून काळी माती काढली, मुरूम भरला, त्यावर पाइप बसवला. शोषखड्डा तर त्यांनी खोडूनच टाकला. मुरमात सोडलेलं पाणी विहिरीकडे जाणार नाही याची खात्री कोण देणार? मग ठरलं, तिसऱ्या कप्प्यातलं पाणी छोट्या मोटरने उचलायचं आणि चाकांच्या पहिल्या धुण्याला वापरायचं.

पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या कप्प्यात दुधाळ, करडं पाणी. दुसऱ्यात तेलाचा थर जवळजवळ नाहीच. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाइपाची उंची, कप्प्यांची मापं तपासत बसलो. तिकडे बाबांनी त्या पाण्यात हात घालून बोटं चोळली.

"अबे, साबन आहे हे. साबनात तेल फुटलं, आता ते वर कायले येते?"

ते इंजिन कपड्यांच्या पावडरने घासायचे. माझ्या आकृतीत तेल होतं, पाणी होतं, गाळ होता. गाडी धुणारा माणूस नव्हता. आता इंजिन आधी ट्रेमध्ये रॉकेल आणि ब्रशने साफ होतं आणि ते काळं वेगळ्या डब्यात जातं. जुनं ऑइल बाबा पूर्वी सेंट्रिंगवाल्यांना फळ्यांना लावायला द्यायचे. कायद्याने तो घातक कचरा आहे हे मी सांगितल्यावर आठवडाभर कुरकुरले, मग ड्रमला झाकण आणून बसवलं.

विहिरीतली पापुद्री अजून गेलेली नाही. काकूंचं प्यायचं पाणी आमच्या नळावरून जातं, हंडे बाबाच पोचवतात. दर रविवारी ते विहिरीतून बादली काढतात, उन्हात तिरपी धरून पाहतात आणि मला फोटो पाठवतात. फोटोत काहीच कळत नाही. मी तरी झूम करून पाहतो.