ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत

आमचं रत्नागिरी जिल्ह्यातलं घर चिऱ्याचं. बाहेरच्या भिंती दीड फुटाच्या, आतल्याही फुटाहून कमी नाहीत. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. गावात फायबर आलं तेव्हा वायर रस्त्याकडच्या खांबावरून आली, म्हणून राउटर ओटीवरच्या कोनाड्यात बसला. प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर नेट झकास, स्वयंपाकघरात अडखळत, आणि मागच्या पडवीत, जिथे माझी भाची अभ्यासाला बसते, तिथे तिचा ऑनलाइन वर्ग मध्येच थिजायचा. काकांचं मत ठरलेलं होतं, "कंपनीवाल्याला सांग, दोनशेचा प्लॅन दे म्हणावं." मी म्हटलं, "काका, आधी मोजू या. अडतंय कुठे ते कळू दे, मग पैसे वाढवू."

स्पीड टेस्टचं ॲप उघडून मिळणारा आकडा यासाठी पुरेसा नसतो. ते ॲप फोनपासून दूरच्या सर्व्हरपर्यंतचा अख्खा रस्ता एकदम मोजतं. मला त्यातला राउटरपासून हातातल्या यंत्रापर्यंतचा तुकडाच हवा होता. म्हणून जुना लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, त्यावर आयपर्फ३ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम चालू ठेवला आणि दुसरा लॅपटॉप घेऊन घरभर हिंडलो. दोन्ही लॅपटॉप एकमेकांना नुसता डेटा पाठवत राहतात, इंटरनेटचा संबंधच नाही. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत हे आधी पाहून घेतलं. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तसं असलं की वायफाय कितीही जोरात असो, अशा मोजणीत आकडा ९४च्या आसपास अडकून बसतो.

जमिनीवर खडूने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर लॅपटॉप त्याच स्टुलावर, त्याच दिशेला ठेवला आणि मिळालेल्या आकड्यांतला मधला धरला. दिशा सांभाळणं महत्त्वाचं. मी स्वतः राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये उभा राहिलो तरी सिग्नल चार-पाच डीबीने खाली येत होता. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आणि दोन आकड्यांतला फरक डीबीमध्ये. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. तीनने उतरला की ताकद निम्मी, दहाने उतरला की दहावा भाग. म्हणजे उणे ४० आणि उणे ७० यांत हजारपटीचा फरक. फोनवरच्या काड्यांतून हे काहीच कळत नाही.

राउटर ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. आधी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला. राउटरपासून दोन मीटरवर सिग्नल उणे ३९ आणि वेग ५६० एमबीपीएस. लॅपटॉप स्वतः मात्र जोडणीचा वेग ८६६ दाखवत होता. तो आकडा हवेतल्या कमाल वेगाचा. पोच-पावत्या, वाट पाहणं, पुन्हा पाठवणं यांत त्यातला मोठा भाग जातो, आणि हाती साधारण साठ-पासष्ट टक्के पडतात. खोक्यावर छापलेला वेग कुणाच्याच घरी का मिळत नाही, त्याचं हे कारण. ओटीच्या दुसऱ्या टोकाला सिग्नल उणे ५२ झाला, म्हणजे वीसपटीने घटला, पण वेग होता ५१०! मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. सिग्नल घसरतो त्या प्रमाणात वेग घसरत नाही. बराच काळ तो जवळपास तिथेच राहतो आणि मग एकदम कड्यावरून खाली येतो.

तो कडा भिंतीमागे होता. माजघरात एका चिऱ्याच्या भिंतीपलीकडे उणे ६६ आणि २४० एमबीपीएस. स्वयंपाकघरात, दोन भिंतींपलीकडे, उणे ८१ आणि जेमतेम २५, तेही मध्येच तुटत. मागच्या पडवीत काहीच नाही. मग मी उलटा गेलो, ओटी उतरून खळ्यात, म्हणजे अंगणात, पार कुंपणाच्या गडग्यापर्यंत. राउटरपासून पंचवीसेक मीटर, स्वयंपाकघराच्या दुप्पट अंतर, पण मध्ये भिंत नाही. तिथे उणे ६५ आणि २५० एमबीपीएस मिळाले. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सहा डीबीने घटतो. आमची चिऱ्याची एक भिंत एकटीच त्याच्या दुपटीहून जास्त खात होती. काका गडग्याशी उभे राहून लॅपटॉपचा पडदा बघत म्हणाले, "म्हणजे नेट अंतराने नाही, भिंतीने मरतंय." बरोबर तेच.

वेग असा पायरीपायरीने का उतरतो? जवळच्या माणसाशी आपण भराभर बोलतो, लांबच्याला एकेक शब्द सुटा करून सांगतो. वायफायही तेच करतं. सिग्नल स्वच्छ असेल तर एका खेपेला आठ बिट बसवतं, क्षीण होत गेला की सहा, चार, दोन, शेवटी एकच. वरची पायरी गाठल्यावर सिग्नल आणखी जोरदार असून उपयोग नसतो, म्हणून ओटीभर वेग सारखाच. खाली मात्र प्रत्येक पायरी जाणवते.

२.४ गिगाहर्ट्झचं चित्र वेगळं. जवळ ९५ एमबीपीएस, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या पावपटही नाही. पण स्वयंपाकघरात उणे ६७ वर ५० टिकून होते आणि पडवीत उणे ७७ वर १२. कमी कंपनसंख्येच्या लहरी भिंतीतून जास्त निभावतात. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८च्या ऑक्टोबरमध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. त्याआधी घरोघरी आलेले बरेच राउटर फक्त २.४चे आहेत, अजून चालतात, आणि शहरातल्या इमारतींत एकमेकांवर आदळतात. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या वाडीत घरं लांब लांब, म्हणून ती अडचण आम्हाला नव्हती. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये माझे २.४चे आकडे मिळतील अशी आशा धरू नये.

पडवीतल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्यांनी भाचीला सर्वांत जास्त छळलं. फोनवर वायफायचं नाव तर दिसायचं, चालायचं मात्र नाही. राउटर आपलं नाव सतत पुकारत असतो, आणि २.४ वर हे पुकारणं बहुतेक राउटर १ एमबीपीएसने करतात, १९९७च्या पहिल्या वायफाय मानकातला हा सर्वांत हळू वेग. हळू म्हणून ते लांबवर ऐकू जातं. नाव पोचलं म्हणजे वर्ग पोचेल असं नाही. दुसरी गोष्ट अशी की तिला बाई दिसायच्या, बाईंना ती दिसायची नाही. फोनचा प्रक्षेपक राउटरच्या मानाने दुबळा असतो. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला येत नाही. उलट दिशेने मोजलं तेव्हा पडवीतले १२ एमबीपीएस ४ वर आले. डाउनलोडचाच आकडा बघणाऱ्याला हे कधी दिसणार नाही.

तिच्या फोनचा त्रास तिच्यापुरता राहत नव्हता. हवा सगळ्यांना मिळून एकच. पडवीतला फोन तेवढाच डेटा न्यायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतो. तिचा व्हिडिओ चालू असताना ओटीवर, राउटरशेजारी, त्याच २.४ वर मोजलं तर ९५चे ४०ही उरत नव्हते. मग कळलं की संध्याकाळी काकांच्या टीव्हीवरच्या बातम्या का अडकायच्या. तो टीव्हीही २.४ वरच चालत होता.

आता दोनशेच्या प्लॅनचा हिशेब उघड झाला. राउटरपर्यंत १०० येत होते आणि पडवीत १२ पोचत होते. दोनशे घेतले असते तरी पडवीत १२च.

बाजारात दुकानदाराने रिपीटर सुचवला होता. एका मित्राचा आणून स्वयंपाकघरात लावून पाहिला. सिग्नलच्या काड्या भरल्या, वेग वाढला नाही. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो आणि मग पुन्हा बोलतो, म्हणजे तिथेच निम्मा वेग गेला. शिवाय तो जिथे ठेवला तिथेच सिग्नल पडलेला असेल, तर तो पडलेलाच सिग्नल पुढे वाटणार. मेश म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांनाही हाच नियम लागू आहे. दोन डब्यांमधला दुवा हवेतून चिऱ्याच्या भिंतीपलीकडे न्यायचा असेल तर महागडा संचही फार काही करू शकत नाही.

शेवटी केबलच टाकली. ओटीवरून माळ्यावर चढवून, वाशांच्या कडेने, स्वयंपाकघर आणि पडवीच्या मधल्या दारावर उतरवली. तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, बसवला, नाव आणि पासवर्ड तोच, चॅनल वेगळा. केबल तांब्याची कॅट-सिक्स घेतली. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबल मिळतात, त्या कोकणच्या दमट हवेत टिकत नाहीत. ओटीवरचा राउटर कोनाड्यातून काढून खुल्या फळीवर ठेवला, कारण शेजारचं लोखंडी कपाट माजघराकडची वाट अडवत होतं. तेवढ्यानेच माजघरात सहा डीबी सुधारले. हे फुकटातलं काम होतं.

पावसाळ्यात पुन्हा मोजलं. पावसाची झड खाणारी भिंत ओलावते, चिरा पाणी धरून ठेवतो, आणि त्या बाजूला सिग्नल तीन-चार डीबी कमी मिळाला. मध्ये केबल असल्यामुळे पडवीला त्याचा फरक पडला नाही. तिथे आता ५ गिगाहर्ट्झवर ३०० एमबीपीएसच्या वर मिळतात, आणि इंटरनेटवर पुरे १०० येतात, त्याच जुन्या प्लॅनमध्ये.

तुमच्या घरात नेट रखडत असेल तर आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग बघा. तिथे पैसे मोजलेला वेग मिळत नसेल तर कंपनीला फोन करा. मिळत असेल तर फोन करू नका, प्लॅनही वाढवू नका. राउटर घराच्या मध्याकडे, उघड्यावर, लोखंडापासून लांब ठेवा. जिथे सिग्नल उणे ७० च्या खाली जातो तिथे केबल न्या. नवं घर बांधणाऱ्यांनी तर विजेच्या पाइपाबरोबर प्रत्येक खोलीत लॅन केबलसाठी एक वेगळा पाइप आत्ताच टाकून घ्यावा. प्लास्टर झाल्यावर त्याच कामाला भिंत फोडावी लागते.