सोपे रोम, अवघड रोम

लगोरी असो वा आट्यापाट्या, अगदी लहान मुलाला ‘कच्चा लिंबू’ मानून सवलत द्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत. दुबळ्याला सांभाळून घेण्याचा हा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु एखादी बाजू मुळातच इतकी बलाढ्य असेल की तिच्याकडून खेळणाऱ्याला हरणेच कठीण जावे, तर तेथे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेल्या वर्षी आम्हां चौघा मित्रांच्या पुष्कळ सायंकाळी खर्ची पडल्या.

निमित्त झाले ते ‘रोम: टोटल वॉर’ या संगणकावरील खेळाचे. ‘क्रिएटिव्ह असेम्ब्ली’ या इंग्रज मंडळीने तयार केलेला हा खेळ २००४ साली प्रसिद्ध झाला. खेळातील काळ इ. स. पूर्वी २७० पासून सुरू होतो. ज्युली, ब्रुटी आणि स्किपी अशी तीन रोमन घराणी त्यात आहेत. नवख्याने आरंभी त्यांतीलच एक निवडावयाचे. एकाचा मोर्चा उत्तरेकडे गॉल लोकांवर, दुसऱ्याचा ग्रीसकडे, तिसऱ्याचा सिसिली आणि कार्थेजकडे. तिघे परस्परांचे मित्र असल्यामुळे पाठीमागची काळजी नाही. पायदळ कणखर, आणि सांगितलेली कामगिरी पार पाडली की सिनेटकडून बक्षीस! अशा थाटात आमची पहिली दोन राज्ये इतक्या सहज विस्तारली की जिंकण्याचाच कंटाळा येऊ लागला.

खेळात काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत. आम्ही सर्वांत वरची पायरी चढून पाहिली. तेथे लढाईत शत्रूच्या सैनिकांच्या अंगी जादा बळ येते. काल आम्हांला पाठ दाखवून पळालेला गॉल आज अंगावर चालून येऊ लागला. मात्र त्याच्या डोक्यात काही नवी युक्ती शिरली होती, असे नव्हे. शत्रू शहाणा झाला नव्हता, नुसता दांडगा झाला होता. शिवाय लढाई हरलीच, तर आधी जतन केलेला डाव पुन्हा उघडून पराभव पुसून टाकण्याची सोय होतीच.

तेव्हा आमच्यातील वाचनवेड्या मित्राने ग्रंथालयातून रोमच्या इतिहासाचे पुस्तक आणले. त्यात पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने दिलेला हिशेब होता. इ. स. पूर्वी २२५ मध्ये रोम आणि त्याचे दोस्त मिळून शस्त्र धरू शकणारे सात लाखांहून अधिक पायदळ आणि सुमारे सत्तर हजार घोडदळ होते. म्हणजे खेळाने रोमला उगाच झुकते माप दिलेले नव्हते. रोम खरोखरच बलाढ्य होते. पण त्याच्या अडचणीही घरच्याच होत्या. सैन्याची सूत्रे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन कॉन्सलांकडे असत; वर्ष संपले की बहुधा नवा माणूस येई. आणि गेलेले सैन्य कोणत्याही उपायाने परत मिळत नसे.

यावरून आम्ही दोन नियम केले. काठिण्य मध्यम ठेवावयाचे. पण खेळातील एक वर्ष, म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन पाळ्या, झाले की सेनापतिपद पुढच्या मित्राकडे द्यावयाचे, हा पहिला. जतन केलेल्या डावाकडे मागे फिरावयाचे नाही, हा दुसरा.

स्किपी घराण्याचे राज्य घेऊन आम्ही सिसिलीत उतरलो. तिसऱ्या मित्राच्या वर्षी लिलिबीयम शहराजवळ कार्थेजच्या घोडदळाने आमच्या सैन्याला वेढले आणि सारी फौज कापली गेली. कोणी काही बोलले नाही. परंतु ते न बोलणेच त्याला झोंबले असावे. दुसऱ्या दिवशी तो खेळावयास आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेतही तो आम्हांला टाळू लागला. एका खेळापायी मैत्री तुटते की काय, अशी वेळ आली.

पुन्हा तेच पुस्तक उपयोगी पडले. इ. स. पूर्वी २१६ मध्ये कॅनी येथे हॅनिबलने रोमन सैन्याचा संहार केला. लिव्हीच्या मते सुमारे अठ्ठेचाळीस हजार माणसे पडली. पॉलिबिअस तर सत्तर हजारांचा आकडा देतो. पॉलस हा कॉन्सल रणात पडला आणि त्या दिवशी सेनापती असलेला वॅरो पुढे रोमला परतला. लिव्ही लिहितो की सर्व थरांतील लोक त्याला सामोरे गेले आणि प्रजासत्ताकाविषयी निराश न झाल्याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले. रोमने तह केला नाही. आठ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. चौदा वर्षांनी, इ. स. पूर्वी २०२ मध्ये, झामा येथे हॅनिबल हरला.

हे वाचून आम्ही तिघे मित्राच्या घरी गेलो. “अरे, सिनेटने तुझे आभार मानले आहेत. चल, नवे सैन्य उभारायचे आहे,” असे म्हणताच तो आधी रागावला, मग हसला आणि चपला घालून आमच्याबरोबर निघाला.

लिलिबीयम आमच्या हाती यावयास पुढे खेळातील सहा वर्षे लागली. तोवर प्रत्येकाच्या वाट्याला एखादी तरी हार आली होती; ती कोणीही लपविली नाही आणि कोणी कोणाला तिच्यावरून हिणविलेही नाही. बलाढ्य बाजू घेणाऱ्याला खेळ कठीण करावयाचा असेल, तर शत्रूच्या मनगटात उसने बळ घालण्यापेक्षा आपल्या हातून गेलेले परत मिळणार नाही, एवढे मान्य करावे. ज्या वाचकमित्रांना रोमचे राज्य फार सोपे वाटत असेल, त्यांनी आमचे हे दोन नियम एकदा लावून पाहावेत. मात्र हरलेल्या मित्राला घरून बोलावून आणावयाची तयारी ठेवावी.