मोझार्टच्या जन्मघरी

थोर पुरुषाचे बालपणीचे घर पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा एकाच बाळाचा विचार मनात धरून जिना चढतो. आम्हीही तसेच चढलो. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहरी गेट्रायडेगासे नामक अरुंद गल्लीत नऊ क्रमांकाचे पिवळे घर आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर २७ जानेवारी १७५६ रोजी संगीतकार मोझार्ट जन्मास आला. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त म्युनिक येथे असतो. त्याच्यासह आम्ही उभयता व आमच्या वडील भगिनी आक्का आगगाडीने गेलो होतो.

घर भाड्याचे. मालक हागेनाउअर व्यापारी. मोझार्टचे वडील लेओपोल्ड दरबारी वादक. १७४७ पासून १७७३ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड येथे होते. सात अपत्ये झाली, पैकी दोनच जगली. १८८० पासून हे घर संग्रहालय आहे. काचेआड मोझार्टचे बालपणीचे चिमुकले व्हायोलिन ठेवले आहे. गर्दी तेथेच, आणि ती योग्यच म्हणावयाची.

आक्का मात्र त्याच्या थोरल्या बहिणीच्या चित्रापाशी थबकल्या. हिला घरात नानेर्ल म्हणत. जन्म १७५१ चा. १७५९ साली लेओपोल्डने स्वराभ्यासाची वही सिद्ध केली ती या मुलीकरिता. धाकट्याचे पहिले धडे याच वहीतून झाले व त्याच्या आरंभीच्या रचनाही तीतच उतरून ठेवल्या गेल्या. १७६३ ते १७६६ या काळात पॅरिस, लंडन येथील श्रोत्यांपुढे दोघेही भावंडे वाजवीत होती. पुढे १७६९ च्या डिसेंबरात बापलेक इटलीस निघाले. अठरा वर्षांची नानेर्ल आईपाशी राहिली. तिच्या एका गीतरचनेची भावाने १७७० च्या पत्रात मनापासून वाखाणणी केली आहे. आज तिची एकही रचना उपलब्ध नाही.

१७८४ साली पाच मुलांच्या विधुर अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला व ती सेंट गिल्गेन या गावी गेली. तेथेही ती नित्य वाजवीत असे.

हे सारे आम्ही आक्कांस सांगत होतो. आक्कांचे माहेरी सहा वर्षे सतारीचे शिक्षण झाले होते. लग्नानंतर ती सतार माळ्यावर गेली आणि तिचा भोपळा केव्हा तडकला हे कोणास कळलेही नाही. आम्हां भावांपैकीही कोणी कधी चौकशी केली नाही. त्या हळहळतील असे आम्हांस वाटले होते.

“पाच सावत्र मुले पदरात, आणि तरी रोज बसायची?” आक्का म्हणाल्या. “वेळ कोणती रे काढली असेल तिने? पहाटेची?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. १८०१ साली वैधव्य आल्यावर नानेर्ल साल्झबुर्गास परतली व पियानोच्या शिकवण्या करू लागली, एवढे मात्र सांगितले. त्यावर आक्कांची मुद्रा उजळली. “मग हात राहिला होता तर!” त्या म्हणाल्या.

शहरात मोझार्टच्या नावाच्या चॉकलेटच्या गोळ्या जागोजाग मिळतात. आमच्या मंडळींनी तीन डबे घेतले. आक्कांनी बहिणीचे एखादे चित्र मिळेल का म्हणून विचारले. एक मिळाले.