न विचारता घेतलेला फोटो



धाराशिवला घराच्या पुढच्या खोलीत मी मेंदी काढून देते. हात पूर्ण झाला की फोटो काढायचा आणि स्टेटसला टाकायचा, ही सवयच होती. त्यावरूनच तर पुढची गिऱ्हाइकं येतात!

गेल्या लगीनसराईत एक मुलगी आली. तळहातावर मुलाच्या नावाचं अक्षर आणि तिचा हसरा चेहरा, असा फोटो मी टाकला. साखरपुडा अजून नातेवाइकांना कळवायचा होता. कुणीतरी फोटो पुढे पाठवला आणि संध्याकाळी सोलापूरच्या मावशी रुसल्या. मुलगी एवढंच म्हणाली, "काकू, मेंदी तुमची, पण हात माझाच होता ना?"

न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे अचौर्य अणुव्रत पाठशाळेत शिकले होते. वाटायचं, ते पैशा-दागिन्यांपुरतंच. कुंथलगिरीला कुलभूषण-देशभूषण मुनींच्या दर्शनाला गेले, तिथेही तिचंच वाक्य आठवत राहिलं. परत येऊन तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली.

आता कोन हातात घेण्याआधीच विचारते: फोटो काढू का? फक्त हात, की चेहराही? स्टेटसला टाकू का? मेंदी अर्धी झाल्यावर विचारलं तर बाईला 'नाही' म्हणणं जड जातं. 'नाही' म्हणाली तरी दर तोच. मागाहून मन बदललं तर फोटो काढून टाकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही दिलेली संमती मागे घेता येते.

परवा तीच मुलगी लग्नाच्या मेंदीला आली. मी विचारायच्या आधीच हात पुढे करून म्हणाली, "काकू, आज फोटो काढा. मी दिला."